ऑनर्सचं संशोधन मांडताना : अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यापीठात नव्याने आलेल्यांसाठी

आपल्याकडे 'ऑनर्स' म्हटलं की पदवीचं नाव डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत ऑनर्स म्हणजे पदवीच्या जोडीने अंगावर घेतलेलं जादा काम. वेगळे छोटे वर्ग, एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली वर्ष-दीड वर्ष चालणारा प्रकल्प, आणि शेवटी तो लोकांसमोर मांडणं. टेक्ससमधल्या वेको शहरातलं बेलर (बॅप्टिस्ट, १८४५), इंडियानातलं नोटर डेम (कॅथलिक, १८४२), मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समधलं कॅल्विन (रिफॉर्म्ड, १८७६) अशी जुनी ख्रिस्ती विद्यापीठं घ्या किंवा दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचं एखादं छोटं कॉलेज घ्या, मांडणीचे प्रकार साधारण तेच दिसतील : पोस्टर, पंधरा मिनिटांचं भाषण, आणि शेवटच्या वर्षी प्रबंधाची तोंडी परीक्षा, म्हणजे डिफेन्स. पुणे-मुंबई-नाशिकहून आलेल्या मुलांचं कामात सहसा अडत नाही, मांडणीत अडतं. त्यातही ख्रिस्ती विद्यापीठात एक जादा प्रश्न हमखास येतो आणि त्याची तयारी कोणीच करून येत नाही. त्याबद्दल पुढे.

आधी एक वाक्य

पोस्टरची फाइल उघडण्याआधी कागदावर एकच वाक्य लिहा : मला काय सापडलं? विषय काय आहे ते नको, काय सापडलं ते. 'मी ओढ्याच्या पाण्यातल्या जीवाणूंचा अभ्यास केला' हा विषय झाला. 'कॅम्पसजवळच्या ओढ्यात पावसानंतरच्या पहिल्या दिवशी जीवाणू वाढतात आणि तिसऱ्या दिवशी पूर्वीइतके होतात' हे सापडलेलं. हे वाक्य जमलं की सारांश, पोस्टरचं शीर्षक, भाषणाचा शेवट आणि परीक्षकांना द्यायचं उत्तर ही चारही कामं निम्मी होतात. ते जमत नसेल तर काम अजून झालेलं नाही असं समजावं आणि मार्गदर्शकाची वेळ मागावी.

मानव्यशाखेतल्या मुलांना हे जड जातं, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा विषय पंडिता रमाबाईंचा आहे. ख्रिस्ती विद्यापीठात मराठी मुलाला हा विषय सुचतो आणि प्राध्यापकांनाही आवडतो. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षं मदत द्यायचं ठरवलं, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा सुरू झाली. रमाबाई स्वतः १८८३ मध्येच ख्रिस्ती झाल्या होत्या, तरी सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. पुढे १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती धर्माकडे वळवल्या जातात यावरून वादळ उठलं आणि रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं. आता या विषयावर 'पंडिता रमाबाई आणि अमेरिका : एक अभ्यास' असं शीर्षक दिलं तर पोस्टरसमोर कोणी थांबणार नाही. 'शारदा सदनातली धार्मिक तटस्थता बॉस्टनच्या देणगीदारांना कितपत हवी होती?' असं दिलं की थांबतात, कारण उत्तर हवंसं वाटतं. तुमचं एक वाक्य म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. वाचलेल्या कागदांत जे दिसलं तेवढंच.

कॅलेंडर उलटं धरा

मांडणीचा दिवस बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये असतो. तिथून मागे मोजत या.

दहा दिवस आधी पोस्टरची अंतिम पीडीएफ छपाईला गेलेली हवी. कॅम्पसवरच्या छपाई केंद्रात त्या आठवड्यात रांग लागते आणि उशिरा आलेल्या कामाला जादा दर पडतो. तीन आठवडे आधी कच्चा मसुदा मार्गदर्शकाच्या हातात. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात या काळात सारांश भरायची मुदत संपते. मार्चमध्ये एक आठवडा स्प्रिंग ब्रेक असतो, तेव्हा कोणीही ईमेलला उत्तर देत नाही, ते दिवस हिशेबात धरू नका. आकडे गोळा करणं जानेवारीअखेर थांबवा. फेब्रुवारीत 'अजून पाच नमुने घेऊ' म्हणणारे एप्रिलमध्ये आलेख चुकवतात.

ख्रिस्ती विद्यापीठात यात ईस्टरची भर पडते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही येतो. २०२७ साली तो २८ मार्चला आहे, २०२८ साली थेट १६ एप्रिलला. गुड फ्रायडेला सुट्टी असते, काही ठिकाणी सोमवारही मोकळा असतो, आणि त्या आठवड्यात बरेच प्राध्यापक, विशेषतः धर्मशास्त्राचे, आपापल्या चर्चच्या कामात असतात. गणपतीच्या आठवड्यात आपल्याकडे एखाद्या कार्यालयातून सही मिळवायला जावं तसं होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच ईस्टरची तारीख बघून ठेवा.

माणसांवर संशोधन असेल तर परवानगी आधी

प्रश्नावली, मुलाखत, प्रयोगात सहभागी विद्यार्थी यांपैकी काहीही असेल तर विद्यापीठाच्या परीक्षण मंडळाची परवानगी लागते. सगळे त्याला 'आयआरबी' म्हणतात. त्यामागे संघराज्य सरकारचे नियम आहेत आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालातली तीन तत्त्वं : व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. अर्ज भरण्याआधी एक ऑनलाइन प्रशिक्षण पुरं करावं लागतं, त्यात काही तास जातात.

इथली सगळ्यात महागडी चूक अशी : मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटात गूगल फॉर्म टाकला, साठ उत्तरं आली, मग परवानगीचा अर्ज केला. मागच्या तारखेने परवानगी मिळत नाही. ती साठ उत्तरं वाया. दुसरी गल्लत 'एक्झेम्प्ट' या शब्दाची. त्याचा अर्थ अर्जातून सूट असा लावतात. तुमचं काम सौम्य गटात मोडतं हे मंडळाने ठरवायचं असतं, तुम्ही नाही, आणि त्यासाठी अर्ज करावाच लागतो.

आणखी दोन बारकावे. पहिल्या वर्षाची कित्येक मुलं अजून सतरा वर्षांची असतात, त्यांना घ्यायचं तर पालकांची संमती लागते. म्हणून प्रश्नावलीचा पहिला प्रश्न 'तुमचं वय १८ पूर्ण आहे का?' असा ठेवून बाकीच्यांना तिथेच थांबवतात. दुसरं, चर्चमधल्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर पास्टरची लेखी परवानगी आधी घ्या, पण पास्टरांनाच माणसं निवडून द्यायला सांगू नका. त्यांनी सांगितलं की माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि संमती स्वेच्छेची राहत नाही. गावाकडच्या नातेवाइकांशी मराठीत बोलणार असाल तर संमतीपत्र मराठीत आणि सोबत त्याचं इंग्रजी भाषांतर, दोन्ही अर्जाला जोडावं लागतं.

सारांश

शब्दमर्यादा बहुधा २५० असते. दोन वाक्यांत प्रश्न आणि तो का महत्त्वाचा, दोन-तीन वाक्यांत पद्धत, तीन-चार वाक्यांत निष्कर्ष, एका वाक्यात त्याचा अर्थ. अर्धा सारांश पार्श्वभूमीत घालवणं ही नेहमीची खोड. 'निष्कर्षांची चर्चा केली जाईल' हे वाक्य तर मुळीच नको, निवड समितीला ते 'काम झालेलं नाही' असं ऐकू येतं. काम खरंच अपुरं असेल तर जेवढं झालं तेवढ्याचे आकडे द्या : 'पहिल्या १२ नमुन्यांत असं दिसतं.'

मार्गदर्शकाचं नाव घालण्याआधी त्यांना अंतिम मजकूर दाखवा. न दाखवता नाव घातलं तर संबंध बिघडतात, आणि शिफारसपत्र मागायची वेळ सहा महिन्यांवर आलेली असते.

पोस्टर

सर्रास चालणारं माप ४८ इंच रुंद आणि ३६ इंच उंच. पॉवरपॉइंटमध्ये नवी फाइल घेतली की पहिलं काम स्लाइडचं माप बदलणं. मजकूर भरून झाल्यावर माप बदललं तर चित्रं ताणली जातात, ओळी सरकतात आणि सगळं पुन्हा लावावं लागतं. बोर्डाची रुंदीही आयोजकांना विचारून घ्या. तो चार फुटी असेल तर ४८ इंची पोस्टर काठोकाठ बसतं आणि टाचणीला जागा राहत नाही, तेव्हा ४६ इंच बरं.

अक्षरांची मापं : शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, उपशीर्षकं ४४ ते ५४, मजकूर २८ ते ३२, चित्राखालची ओळ २० च्या खाली नाही. या मापांत एकूण ३०० ते ५०० शब्द बसतात. त्याहून जास्त बसवायचे तर अक्षर लहान करावं लागतं, आणि तिथेच पोस्टर मरतं. सोपी चाचणी म्हणजे पीडीएफ साध्या कागदावर छापून हातभर अंतरावर धरा. त्यातला मजकूर वाचता आला तर पाच-सहा फुटांवरून पोस्टर वाचता येईल.

चित्रांचं गणित पाठच करा. छापताना दर इंचाला निदान १५० ठिपके हवेत, ३०० असतील तर उत्तम. दहा इंच रुंद छायाचित्राला किमान १,५०० पिक्सेल रुंदी लागते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचललेलं २०० पिक्सेलचं बोधचिन्ह सव्वा इंचापलीकडे नेलं की दात पडल्यासारखं दिसतं. संपर्क विभागाकडे मोठं बोधचिन्ह आणि बहुतेक वेळा तयार साचाही मिळतो. पडद्यावरचा झगमगीत निळा रंग कागदावर मळकट उतरतो, हा छपाईचा स्वभाव आहे, केंद्रातल्या माणसाशी भांडू नका.

देवनागरी मजकूर असेल तर सावध. तुमच्या संगणकावर नीट दिसणारा 'शिक्षण' छपाई केंद्रातल्या संगणकावर वेलांटी पुढे-मागे सरकलेला निघतो, 'ज्ञानोदय'मधला 'ज्ञ' फुटून 'ज्' आणि 'ञ' वेगवेगळे उभे राहतात. तिथे तो फाँट नसतो, किंवा जोडाक्षरं लावण्याची सोय बंद असते. छापणाऱ्याला ते वाचता येत नसल्याने चूक त्याच्या लक्षात येणार नाही, आणि बघणाऱ्यांपैकी ज्या एखाद्याला मराठी येते त्याचं पहिलं लक्ष नेमकं तिथेच जाईल. म्हणून पॉवरपॉइंटची फाइल कधीच देऊ नका. स्वतःच्या संगणकावर पीडीएफ करा, ती फोनवर आणि मित्राच्या संगणकावर उघडा, ४०० टक्के मोठी करून एकेक जोडाक्षर बघा. तरी फुटत असेल तर तेवढा मजकूर मोठ्या मापाचं चित्र करून चिकटवा.

आकडेही आपल्या सवयीने लिहू नका. दीड लाखाचा स्वल्पविराम आपण १,५०,००० असा देतो, तिथे १५०,००० असा देतात. लाख-कोटी कोणाला कळत नाहीत. तारखेत महिना आधी येतो. ओढ्याच्या नमुन्यावर ०४/०५ लिहिलं असेल तर वाचणारा ५ एप्रिल समजेल, तुम्ही कदाचित ४ मे म्हणत असाल. महिन्याचं नाव अक्षरी लिहिलं की प्रश्नच मिटतो.

आलेखावर त्रुटीच्या रेघा असतील तर त्या कशाच्या आहेत हे खाली लिहा : प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी की ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा (कॉन्फिडन्स इंटर्व्हल). परीक्षकाचा पहिला प्रश्न हाच असतो, कारण विद्यार्थ्याने आलेख स्वतः काढला की सॉफ्टवेअरने काढून दिला हे त्यातून लगेच कळतं.

जुनी छायाचित्रं आणि कागद वापरताना हक्कांचं बघा. १९२९ पर्यंत अमेरिकेत छापून प्रसिद्ध झालेलं साहित्य तिथे मुक्त आहे. बॉस्टनच्या असोसिएशनचे त्या काळातले छापील अहवाल त्यात येतात. न छापलेल्या पत्रांचे नियम वेगळे आहेत, आणि अभिलेखागाराने काढून दिलेल्या छायाचित्राखाली त्यांनी सांगितलेली श्रेयओळ शब्दशः घालायची असते.

बायबलमधलं वचन पोस्टरवर घालावं का? ख्रिस्ती विद्यापीठात हा मोह होतो, विशेषतः आपण बाहेरचे असलो की. विषय धर्मग्रंथाचा असेल तर जरूर, मग कोणतं भाषांतर ते लिहा, आणि संदर्भपद्धत विभागाला विचारा. ओढ्यातल्या जीवाणूंच्या पोस्टरवर कोपऱ्यात शोभेला वचन नको. तिथल्या प्राध्यापकांनाही ते खुशामतीसारखं दिसतं.

कागदी पोस्टर नळीत न्यायचं, ३६ इंची बाजू नळीच्या लांबीला. विमानप्रवास असेल तर कापडावर छापून घ्या. थोडं महाग पडतं, पण घडी करून बॅगेत जातं.

पंधरा मिनिटांचं भाषण

पंधरा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं बोलणं आणि तीन मिनिटं प्रश्न. सत्राध्यक्ष वेळेला पक्के असतात, दोन मिनिटं उरल्याची पाटी दाखवतात आणि मग खरोखर थांबवतात. आपल्याकडच्या सभांच्या सवयीने 'शेवटचे दोनच मुद्दे' म्हणून चालत नाही.

इंग्रजी ही दुसरी भाषा असणाऱ्याने मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांचा हिशेब धरावा. बारा मिनिटांना तेराशे शब्द भरपूर झाले. स्लाइड दहा ते बारा. सुरुवातीची 'आज मी काय सांगणार' ही यादी गाळा, बारा मिनिटांत ती परवडत नाही. पहिल्या मिनिटात प्रश्न, दुसऱ्या मिनिटाच्या आत तुमचं ते एक वाक्य. उत्तर आधी सांगितलं तर रस संपेल अशी भीती वाटते, पण उलट ऐकणाऱ्याला पुढचा पुरावा तोलता येतो.

घड्याळ लावून तीन तालमी करा, त्यातली एक तुमच्या विषयाबाहेरच्या माणसासमोर. वसतिगृहातला अकाउंटिंगचा रूममेट चालेल. त्याला शेवटी 'मला काय सापडलं?' एवढंच विचारा. त्याने तुमचं वाक्य परत सांगितलं तर झालं.

घाबरल्यावर मराठी माणूस वेग वाढवतो आणि 'व्ही' व 'डब्ल्यू' यांच्या उच्चारात फरक उरत नाही. उच्चार बदलायच्या नादी लागू नका, वेग कमी करा, बाकी आपोआप होतं. प्रश्न विचारायचा असेल तर 'आय हॅव अ डाउट' म्हणू नका. तिथे त्याचा अर्थ 'माझा विश्वास बसत नाही' असा निघतो. ऐकताना आपण मान दोन्ही बाजूंना डोलावतो, समोरच्याला कळत नाही की हो की नाही. आणि 'सर', 'मॅडम' ऐवजी 'डॉक्टर' किंवा 'प्रोफेसर' आणि आडनाव. कॅथलिक संस्थेत धर्मगुरू असलेल्या प्राध्यापकांना 'फादर' म्हणतात, मुंबईच्या मिशनरी शाळांतून आलेल्यांना हे नवीन नाही.

तो जादा प्रश्न

'तुमच्या कामाचा तुमच्या श्रद्धेशी काय संबंध आहे?' किंवा सौम्य रूपात, 'हे काम तुम्हाला का करावंसं वाटलं?' श्रद्धा आणि विद्या यांची सांगड हा अशा विद्यापीठांचा घोषित हेतू असतो, आणि कित्येक ठिकाणी मूल्यमापनाच्या तक्त्यात त्याचा रकानाही असतो. दुसरा शब्द कानावर येईल तो 'व्होकेशन'. मुळात लॅटिन, अर्थ हाक. तिथे त्याचा अर्थ नोकरीपेक्षा मोठा घेतात : माणसाला ज्या कामासाठी बोलावणं आलं आहे ते काम.

प्रश्न सापळा म्हणून विचारलेला नसतो. विचारणाऱ्याला तो जिव्हाळ्याचा असतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, जैन किंवा काहीच न मानणाऱ्या विद्यार्थ्याने दोन गोष्टी टाळाव्यात : नसलेली श्रद्धा दाखवणं, आणि तुलनात्मक धर्मावर व्याख्यान देणं. दोन-तीन वाक्यांचं प्रामाणिक उत्तर आधीच लिहून ठेवा. ते तीन वाटांनी देता येतं.

एक, कामाचा उपयोग कोणाला. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणारी मुलं त्या पाण्यात खेळतात, म्हणून तिसऱ्या दिवसाचा आकडा महत्त्वाचा. शेजाऱ्याची काळजी ही भाषा तिथे सगळ्यांना कळते आणि ती बोलायला कोणता धर्म लागत नाही. दोन, आपल्या परंपरेतून. घरात कीर्तन-वारीचं वातावरण असेल तर तसं साधेपणाने सांगता येतं : ज्या घरात वाढलो तिथे शिकणं आणि भक्ती वेगळी मानली नाही. लोक लक्षपूर्वक ऐकतात. तीन, पद्धतीची मर्यादा सांगून. ही वाट सगळ्यात कमी वापरली जाते, आणि बहुधा तीच सगळ्यात भक्कम आहे.

रमाबाईंचंच उदाहरण पुन्हा घ्या. 'त्यांचं धर्मांतर मनापासूनचं होतं का?' हा प्रश्न श्रोत्यांतून येणारच. तुमच्याकडे देणगीदारांचे अहवाल आहेत. त्यातून देणगीदारांना काय वाटत होतं ते कळतं, रमाबाईंच्या मनात काय होतं ते कळत नाही. उत्तर असं : 'माझे कागद बॉस्टनच्या बाजूचे आहेत. त्या प्रश्नासाठी रमाबाईंचं स्वतःचं लेखन वाचावं लागेल, ते मी या प्रकल्पात केलेलं नाही.' यात कोणाची श्रद्धा दुखावत नाही, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुमची पत वाढते. जीवशास्त्राच्या मुलांना उत्क्रांतीबद्दल विचारतील तेव्हाही हेच : माझ्या नमुन्यांवरून काय म्हणता येतं आणि काय नाही. वाद अंगावर ओढून घ्यायचा नाही आणि जे शिकलात त्यावर पाणीही सोडायचं नाही.

त्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा. सोबत : टाचण्या, चार मोठे बाइंडर क्लिप, पीडीएफ ठेवलेला पेनड्राइव्ह, लॅपटॉपचा एचडीएमआय अडॅप्टर, पाण्याची बाटली, आणि पोस्टरच्या पंधरा-वीस छोट्या प्रती. प्रती काढताना कागदाचं माप 'लेटर' ठेवा, साडेआठ बाय अकरा इंच. भारतातून आणलेल्या फाइली ए-फोरवर असतात आणि छापताना खालची ओळ कापली जाते.

कपडे नीटनेटके, इस्त्रीचे. साडी किंवा कुडता चालतो. मात्र कॉलर-माइक अडकवायला जागा आहे का ते घरीच बघून ठेवा.

सुरुवात बहुधा प्रार्थनेने होते. सगळे डोळे मिटून मान खाली घालतात, मिनिटभर. तुम्ही म्हणायची गरज नाही, शांत उभं राहिलं की पुरे. त्या मिनिटात टाचण्या ठोकत राहू नका, बस्स. आणि कॅम्पसवर चॅपलची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची, वेळ झाली की दालन एकदम रिकामं होतं. तुमचं पोस्टर कोणाला आवडलं नाही असं मनाला लावून घेऊ नका, ते तासाभराने परत येतात.

पोस्टरच्या समोर नाही, बाजूला उभे राहा. तीस सेकंदांची आणि दोन मिनिटांची अशी दोन भाषणं तयार हवीत. माणूस थांबला की तीस सेकंदांचं, त्याने प्रश्न विचारला की दोन मिनिटांचं. पोस्टर वाचून दाखवू नका, त्याला वाचता येतं. प्रश्न समजला नाही तर आपल्या शब्दांत परत सांगून विचारा, 'असंच विचारताय ना?' उत्तर येत नसेल तर 'ते मी तपासलेलं नाही, तपासायचं झालं तर अमुक करेन' हे पूर्ण उत्तर आहे. गप्प राहून हसणं हे उत्तर नाही, आणि आपल्याला ती सवय फार.

घरच्यांना झूमवर बघायचं असेल तर वेळ आधी सांगा. एप्रिलमध्ये टेक्सस भारतापेक्षा साडेदहा तास मागे असतं, दुपारी दोनचं भाषण पुण्यात रात्री साडेबाराला. इंडियाना-मिशिगनला फरक साडेनऊ तासांचा.

रोख बक्षीस मिळालं तर पैसे घेण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या बक्षिसातून कर कापला जाऊ शकतो, आणि त्याचे कागद पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना लागतात.

डिफेन्स आणि त्यानंतर

शेवटच्या वर्षीची तोंडी परीक्षा बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक आणि आणखी दोन प्राध्यापक घेतात, तास-पाऊण तास चालते. त्यांना प्रबंध निदान दोन आठवडे आधी द्या. खोली तुम्हीच राखून ठेवायची असते, हे कोणी सांगत नाही. बोलणं पंधरा-वीस मिनिटं, बाकी प्रश्न. शेवटी तुम्हाला बाहेर थांबायला सांगतात. दहा मिनिटं लागली तर घाबरू नका, बरेचदा ते सुधारणांची यादी करत असतात. 'सुधारणांसह उत्तीर्ण' हाच सगळ्यात जास्त दिसणारा निकाल आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. ती यादी त्याच खोलीत लिहून घ्या, एकेक मुद्दा वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आठवतात.

सह्यांचं पान आधीच छापून न्या. तिघं एका खोलीत पुन्हा कधी भेटतील याचा नेम नाही.

त्यानंतर प्रबंध ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जातो आणि जगात कोणालाही वाचायला मिळतो. मार्गदर्शकाला त्यातले आकडे नियतकालिकात छापायचे असतील, किंवा पेटंटचा विचार असेल, तर फॉर्मवर 'एम्बार्गो'चा रकाना भरा. साधारण एक-दोन वर्षं प्रबंध बंद ठेवता येतो. मुलाखती असतील तर माणसांची नावं आणि गावं काढली आहेत का, हे जमा करण्याआधी शेवटचं तपासा. तीनशे माणसांच्या चर्चमध्ये 'नाशिकहून आलेल्या निवृत्त परिचारिका' एकच असतात, नाव काढलं तरी सगळे ओळखतात.